आवाज चालू, चित्र थांबलेलं: आधी मशीनचा ताप बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जिंतूरची अभ्यासिका, चौथ्या पिढीचा इंटेल आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम. सकाळी मुलांचे तासांचे व्हिडिओ नीट चालतात. दुपारी दीड-दोननंतर दहा-पंधरा मिनिटांत चित्र जागच्या जागी थांबतं, आवाज मात्र चालूच राहतो. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला, आणि तुम्ही विचारताय, लिनक्स काढून विंडोज टाकू का.

आज यातलं काहीच करू नका. तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टींतच निम्मं उत्तर आहे: आवाज थांबत नाही, आणि हे दुपारीच होतं.

आवाज उलगडायला प्रोसेसरला फारसे कष्ट पडत नाहीत. चित्राचं तसं नाही. १०८० च्या एका फ्रेममध्ये २० लाखांहून जास्त ठिपके, आणि अशा फ्रेम सेकंदाला ३०. म्हणजे एका फ्रेमला जेमतेम ३३ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात काम उरकलं नाही की प्लेअर आवाजाला धरून राहतो आणि मागे पडलेल्या फ्रेम सोडून देतो. फार मागे पडला की आपल्याला चित्र गोठलेलं दिसतं. नेट कमी पडलं असतं तर आवाजही थांबला असता आणि मधोमध चक्र फिरत बसलं असतं.

खात्री अशी करा. यूट्यूबवर व्हिडिओ चालू असताना त्यावर उजवी क्लिक करा आणि 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. 'बफर हेल्थ' (आधीच उतरवून ठेवलेले पुढचे सेकंद) पुरेसं भरलेलं असेल आणि 'फ्रेम्स'च्या ओळीतला 'ड्रॉप्ड', म्हणजे सोडून दिलेल्या फ्रेमचा आकडा धडाधड वाढत असेल, तर नेट निर्दोष आहे. तिथेच कोडेकही, म्हणजे व्हिडिओ कोणत्या पद्धतीने दाबून साठवलाय तेही, दिसतं. तुमच्याकडे बहुतेक व्हीपी-नाइन दिसेल, आणि एक मोठी अडचण तिथेच आहे. चौथी पिढी २०१३ ची. तिच्या ग्राफिक्समध्ये एच-२६४ हा जुना कोडेक उलगडायची सोय आहे, व्हीपी-नाइनची नाही, त्याहून नव्या एव्ही-वनची तर नाहीच. त्यामुळे सगळा भार दोन कोअरच्या प्रोसेसरवर पडतो. सकाळी तो ओढतो, दुपारी दमतो.

का दमतो, ते बघायला लिनक्समध्ये 'सेन्सर्स' नावाची आज्ञा आहे. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून एलएम-सेन्सर्स टाका, टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडं ठेवा आणि व्हिडिओ थांबला त्याच क्षणी तिथे 'सेन्सर्स' चालवून तापमान बघा. ते ९० अंशांच्या पुढे असेल तर संशय तापावरच, कारण १०० च्या आसपास प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग घटवतो. डीमेसेजमध्ये (लिनक्सच्या अंतर्गत नोंदी दाखवणारी आज्ञा) 'थ्रॉटल्ड', म्हणजे वेग घटवला, असा शब्द असलेली ओळ सापडली, तर शंकाच उरत नाही.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. मानवतला जिनिंगजवळच्या एका कार्यालयातलं मशीन असंच दुपारी अडकायचं. झाकण काढलं तर पंखा फिरत होता, सगळं ठीक दिसत होतं. पंख्याचे चार खिळे सोडवून तो उचलला, तेव्हा खाली हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) पात्यांवर सरकीच्या तुसाचा आणि धुळीचा करड्या रंगाचा थर निघाला, गादीतल्या कापसासारखा दाबून बसलेला. बोटाने धरून ओढला तर अख्खा एका तुकड्यात आला. वारा जाणार कुठून? प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली उष्णता वाहणारी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. आपल्याकडे कापसाच्या हंगामानंतर हे हमखास बघायला मिळतं, आणि वर एप्रिल-मेचं ४२-४३ अंशांचं ऊन.

तुम्हीही एवढंच करा. वायर काढून ठेवा, पंखा बोटाने धरून ठेवत ब्लोअर मारा (मोकळा फिरू दिला तर बेअरिंग खराब होतं), जुनी पेस्ट स्पिरिटच्या कापसाने पुसा आणि नवी प्रोसेसरच्या मधोमध तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढी लावा. खिळे समोरासमोरचे जोडीने दाबा, 'टक्' असा आवाज यायलाच हवा. एक जरी अर्धवट बसला तर हीटसिंक एका बाजूने उचलला जातो आणि तापमान आधीपेक्षा वाढतं. संगणकाचा डबा भिंतीला आणि पडद्याला चिकटवून ठेवू नका.

दुसरं काम ब्राउझरचं. फायरफॉक्समध्ये 'एन्हान्स्ड एच-२६४-इफाय' हे एक्स्टेन्शन टाका. मग यूट्यूब १०८० पर्यंत एच-२६४ देतं. फायरफॉक्स जुनं असेल तर अपडेट करा, कारण लिनक्सवर इंटेल ग्राफिक्ससाठी हार्डवेअर डिकोडिंग (प्रोसेसरऐवजी ग्राफिक्सनेच व्हिडिओ उलगडणं) ११५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ मध्ये, मुळातच चालू झालं. ड्रायव्हर मात्र योग्य हवा: तुमच्या प्रोसेसरच्या पिढीला 'आय-९६५' नावाचा व्हीए ड्रायव्हर (ब्राउझर आणि ग्राफिक्स यांना जोडणारा) लागतो. 'इंटेल मीडिया' नावाचा नवा ड्रायव्हर पाचव्या पिढीपासून पुढचा आहे. तो एकटाच टाकला तर काही उपयोग नाही. टर्मिनलमध्ये व्हीएइन्फो ही आज्ञा चालवून ग्राफिक्स काय काय उलगडू शकतं त्या यादीत एच-२६४ च्या ओळी दिसतात का, ते पाहा. मुलांना १०८० ऐवजी ७२० पुरेसं असेल तर तेच ठेवा, फळ्यावरची अक्षरं त्यातही वाचता येतात.

रॅमचं थोडक्यात: माउससुद्धा अडकत असेल आणि हार्डडिस्कचा दिवा सतत पेटलेला राहत असेल, तर तो वेगळा आजार. मेमरी संपून स्वॅप, म्हणजे रॅमचं काम संथ डिस्कवर ढकलणं, चालू झालंय. टॅब कमी करा, आणि जमेल तेव्हा अजून एक ४ जीबीची पट्टी टाका. दोन पट्ट्यांनी ग्राफिक्सलाही फायदा होतो, कारण ते याच रॅमवर चालतं.

आवाज आणि चित्र दोन्ही एकदम थांबत असतील, आणि डिस्कवरची फाइल चालवतानाही तसंच होत असेल, तर डिस्क किंवा तिला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल तपासायची. डीमेसेजमध्ये 'आय-ओ एरर' (डिस्कवर वाचता-लिहिता न येणं) आला तर आधी मुलांच्या नोट्सची प्रत दुसरीकडे काढा, बाकीचं मग.

विंडोजबद्दल सांगायचं तर व्हीपी-नाइनची अडचण चिपमधली आहे, विंडोजवरही तीच राहील. शिवाय विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत चौथी पिढी नाही.

साफसफाईच्या आधीचं आणि नंतरचं दुपारी दोनचं तापमान, आणि 'स्टॅट्स'मधला कोडेक, एवढं इथे लिहा. त्यावरून ड्रायव्हरच्या आज्ञा तुमच्या मिंटच्या आवृत्तीप्रमाणे एकेक ओळ लिहून देतो.