१२ वर्षांची गाडी: कंपनीचं सर्व्हिस सेंटर की बाहेरचा मेकॅनिक?

वॉरंटी संपलीय ना, मग रोजच्या कामांना बाहेरचा जाणकार मेकॅनिकच बरा. माझ्या गाडीला पुढून खडखड यायची. सर्व्हिस सेंटरने अख्खा लोअर आर्म, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, बदलायला सांगितला. म्हापशातल्या मेकॅनिकने गाडी जॅकवर चढवली, पहारीने आर्म हलवून त्याच्या जोडातला फाटलेला रबरी बुश दाखवला आणि तेवढाच बदलला.

गोव्यात खरी काळजी गंजाची. खारी हवा, त्यात चार महिने पाऊस. पावसाळा सरला की गाडी खालून नीट बघून घ्या: सायलेन्सर, ब्रेकचे पाइप, दाराखालचा पत्रा. १५ वर्षं भरत आली की आरसी नूतनीकरणाची तपासणी असते, त्याआधीच हे काम उरका.

एअरबॅग आणि रिकॉलचं (कंपनी स्वतःच दोष काढायला गाड्या परत बोलावते ते) काम मात्र कंपनीकडेच न्या. रिकॉलचे पैसे पडत नाहीत.