मोठ्या उष्णकटिबंधीय शहरात चालताना दडलेला निसर्ग कसा शोधावा? दुर्बीण घ्यावी की एखादे अ‍ॅप पुरेसे आहे?

दोन्हींच्या आधी वाळलेल्या फांद्यांकडे पाहण्याची सवय लावावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या इमारतीच्या आवारातील झाडाची एक आडवी फांदी पूर्ण वाळली होती. सकाळी फिरायला निघाले की तेथून टुक्-टुक् असा एका लयीतला आवाज येई, पण पक्षी कधी दिसत नसे, कारण हा आवाज काढणारा तांबट पक्षी हिरवा असतो आणि पालवीत बसला की नजरेला सापडत नाही. पुढे एकदा फांदीखाली लाकडाचा ताजा भुगा पडलेला दिसला, म्हणून थांबून वर पाहिले, तर फांदीच्या खालच्या अंगाला नीट कोरलेले गोल भोक होते आणि त्यातून तांबटाचे लाल कपाळ डोकावत होते. त्याच सुमारास समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी सगळी वाळकी लाकडे काढून टाकण्याचा ठराव मांडला. मी विरोध केला, तेव्हा ‘निसर्ग पाहायचा तर जंगलात जावे, मेलेल्या फांदीत तो कसला?’ असे उत्तर मिळाले आणि फांदी गेली. तांबट घरट्यासाठी मऊ पडलेले मृत लाकूडच पसंत करतो आणि त्याने सोडलेल्या ढोल्या पुढे इतर लहान जिवांच्याही उपयोगी पडतात. शहर जितके ‘स्वच्छ’, तितकी ही घरे कमी.

वड, पिंपळ, उंबर यांच्यावरही लक्ष ठेवावे. या झाडांचा फळांचा हंगाम सर्वांचा एकदम येत नाही, त्यामुळे बहुधा कोणत्याही महिन्यात जवळपासचे एखादे झाड लगडलेले सापडते. दिवसा त्यावर तांबट, बुलबुल आणि कोकीळ येतात, अंधार पडल्यावर वटवाघळे. भिंतीच्या फटीत उगवलेले पिंपळाचे रोप बहुतेक वेळा अशाच एखाद्या पाहुण्याच्या विष्ठेतून आलेले असते. अ‍ॅपचा उपयोग आवाज ओळखण्यापुरता होतो. दुर्बीण असल्यास उत्तम, पण तिच्यावाचून अडत नाही.

वादळी वाऱ्यात वाळक्या फांदीखाली उभे राहू नये आणि रहदारीच्या जागी अशी फांदी धोकादायक ठरते, हे मला मान्य आहे. मात्र तेथेही पुढचा जड भाग छाटून, धोका नसल्याची खात्री जाणकाराकडून करून घेऊन, खोडाजवळचा भाग राखता येतो. हे मी त्या बैठकीतही सांगितले होते.