दिवाळीनंतर लगेच कोचीला शुक्रवार ते सोमवार जायचं आहे, सोबत सत्तरीचे आईवडील आहेत. शुक्रवारी मट्टनचेरी हा जुना भाग बघायचं ठरवलंय. राहायचं कुठे आणि फिरण्याचा क्रम काय ठेवावा?

चार दिवस पुरेसे आहेत, पण तुम्ही प्रश्नात दिलेला क्रम बदलावा लागेल. शुक्रवारी तुम्ही मट्टनचेरी ठेवलंय आणि मट्टनचेरीचा राजवाडा नेमका शुक्रवारी बंद असतो. तिथून दोन मिनिटांवरचं परदेशी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी दिवसभर बंद. शनिवार-रविवारला जोडून शुक्रवारची रजा टाकणाऱ्यांची इथेच पंचाईत होते. त्यामुळे मट्टनचेरी रविवारी करा. तिकडे त्रिपुणितुराचा हिल पॅलेस, म्हणजे कोचीच्या राजांचा दुसरा राजवाडा, सोमवारी बंद असतो, म्हणजे तो शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवायचा नाही. एवढे वार सांभाळलेत की बाकीचं आपोआप जुळतं.

राहण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: फोर्ट कोची. एर्नाकुलम हे मुख्य भूमीवरचं शहर. फोर्ट कोची आणि मट्टनचेरी खाडीपलीकडे, पश्चिमेला. मध्ये विलिंग्डन बेट, जे बंदराचा गाळ उपसून त्याच गाळावर उभं केलंय. नकाशावर एर्नाकुलम ते फोर्ट कोची अगदी समोरासमोर दिसतं, पण रस्त्याने पूल ओलांडत साधारण बारा किलोमीटर होतात आणि संध्याकाळी त्याला तास लागू शकतो. एर्नाकुलममध्ये हॉटेल स्वस्त पडतं खरं, पण रोजची ये-जा आईवडिलांना थकवेल. फोर्ट कोचीत होमस्टे भरपूर आहेत. बुक करताना तीन गोष्टी फोनवरच विचारा: खोली तळमजल्यावर आहे का (जुन्या घरांचे लाकडी जिने फार उभे असतात), एसी आहे का, आणि खिडक्यांना जाळी आहे का. कोचीच्या डासांबद्दल पर्यटन खातं काही बोलत नाही.

विमानतळ नेडुंबश्शेरीला, शहराच्या उत्तरेला. फोर्ट कोचीपर्यंत चाळीसेक किलोमीटर, म्हणजे दीड तास धरा. थेट एसी बसही आहे, पण सामान आणि वडीलधारी माणसं असताना प्रीपेड टॅक्सीच बरी. रेल्वेने येणार असाल तर नेत्रावती किंवा मंगला घ्या, त्या एर्नाकुलम जंक्शनला थांबतात. काही गाड्या मात्र फक्त एर्नाकुलम टाऊनला थांबतात. ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, तेव्हा तिकिटावर नाव नीट बघून घ्या.

पाण्यावरून फिरायला दोन सोयी आहेत. जलवाहतूक खात्याच्या जुन्या बोटी अगदी नाममात्र भाड्यात नेतात, एर्नाकुलम ते फोर्ट कोची वीसेक मिनिटं. पण त्यात चढताना धक्का आणि बोट यांमधलं हलतं अंतर ओलांडावं लागतं, गुडघे दुखणाऱ्याला ते जड जातं. दुसरी सोय वॉटर मेट्रोच्या नव्या बोटींची. तिचा धक्का तरंगता असतो, भरती-ओहोटीबरोबर बोटीसोबतच वरखाली होतो, त्यामुळे पाय सपाटच पडतो. हायकोर्ट ते फोर्ट कोची हा मार्ग तुमच्या कामाचा. बोटीत शंभर माणसं मावतात आणि सुट्टीच्या संध्याकाळी रांग मोठी होते. सकाळी दहाच्या आत गेलात तर आरामात जागा मिळेल.

दिवाळीनंतर लगेच जाताय, म्हणजे तिकडे परतीचा पाऊस चालू असणार. सकाळ स्वच्छ, दुपारनंतर ढग भरून येतात आणि विजांसह कोसळतो. उघड्यावरचं सगळं दुपारच्या आत उरका.

शुक्रवारी पोहोचून जेवण, विश्रांती. चार वाजता सेंट फ्रान्सिस चर्च बघा. वास्को द गामा 1524 मध्ये कोचीतच वारला आणि आधी इथे पुरला गेला. नंतर त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, कबरीची जागा मात्र दाखवतात. रविवारी सकाळी इथे प्रार्थना असते, म्हणून शुक्रवारच बरा. संध्याकाळी कथकली. खेळाच्या तासभर आधी जा, कारण कलाकारांना रंगमंचावर बसून चेहरा रंगवताना बघण्यात अर्धी मजा आहे. आईंना कथा कळली नाही तरी हे नक्की आवडेल.

फोर्ट कोचीच्या काठावरची मासेमारीची चिनी जाळी शनिवारी सकाळी सात-साडेसातला बघा. सूर्यास्ताला सगळी गर्दी तिथेच असते आणि जाळीपेक्षा मोबाइलच जास्त दिसतात. पाण्याच्या बाजूला जाळं आणि काठाच्या बाजूला दोरांना बांधलेले मोठे दगड, असा तो प्रकार तराजूसारखा तोललेला असतो. एक माणूस मधल्या तुळईवर चालत पुढे गेला की तेवढ्या वजनानेही जाळं खाली जातं. वर घेताना चार-सहा जण दोर ओढतात आणि दगड एकेक करून फळीवर टेकत जातात. कोळी हाक मारून वर बोलावतील, दोर ओढू देतील आणि मग पैसे मागतील. द्यायला हरकत नाही, फक्त आकडा आधी ठरवा. शेजारी ताजे मासे विकून करून देणाऱ्यांचंही तसंच: माशाचा दर किलोवर असतो आणि करण्याचे पैसे वेगळे, दोन्ही विचारूनच वजन करायला सांगा.

तिथूनच रो-रो बोट गाडीसकट काही मिनिटांत समोरच्या वायपीन बेटावर सोडते. पुढे चेराईचा किनारा तासाभरावर. फोर्ट कोचीचा किनारा पोहायचा नाही, दगड आणि जलपर्णी असते. पाण्यात पाय बुडवायचे तर चेराईच. दुपारपर्यंत परत या.

रविवारी मट्टनचेरी. फोर्ट कोचीहून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटं. रिक्षावाला अगदी कमी भाड्यात पूर्ण शहर दाखवतो म्हणाला तर समजा की मधे तीन-चार दुकानं आहेत आणि त्याला तिथलं कमिशन आहे. ‘दुकान नको’ हे बसण्याआधीच सांगा. राजवाडा उघडताच आत जा. पोर्तुगीजांनी 1555 च्या सुमारास बांधून राजाला दिला, डचांनी दुरुस्त केला आणि नाव पडलं डच पॅलेस. राजाच्या शयनगृहातल्या भिंतींवरचं रामायण सावकाश बघा, फोटो काढू देत नाहीत. सिनेगॉग 1568 चं. जमिनीवरच्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा हातांनी रंगवलेल्या आहेत, एकीसारखी दुसरी नाही असं म्हणतात. दुपारी ते मधे बंद ठेवतात, म्हणून राजवाड्याहून थेट तिकडेच जा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

आईवडील शाकाहारी असतील तर तिथल्या गुजराती रोडच्या बाजूला जेवण सापडेल. पलीकडच्या चेरळाई भागात गोव्याहून गेलेल्या कोकणी सारस्वतांची वस्ती आणि तिरुमला देवस्थान आहे, तिथली बोली आईंच्या कानाला ओळखीची वाटेल. मासे खाणार असाल तर ही नावं लिहून घ्या: करिमीन म्हणजे कालुंदर, आवोली म्हणजे पापलेट, अयला म्हणजे बांगडा, मत्ती म्हणजे तारली, चेम्मीन म्हणजे कोळंबी. आंबटपणाला कुडमपुळी घालतात, ती आपल्या आमसुलाच्याच कुळातली. भात जाड, तांबूस मट्टा येतो. वडिलांना पचत नसेल तर ‘पच्चरी’ आहे का विचारा, पांढरा भात मिळेल.

मुन्नार यात कोंबू नका. जायलाच चार तासांहून जास्त लागतात. अलेप्पीची हाउसबोटही वेगळ्या सहलीसाठी ठेवा.

सोमवारी सामान आवरून एर्नाकुलमला या आणि एर्नाकुळत्तप्पनचं, म्हणजे तिथल्या शंकराचं, दर्शन घ्या. देऊळ दुपारी बंद होतं, म्हणून अकराच्या आत पोहोचा. पुरुषांना शर्ट काढूनच आत जावं लागतं, वडिलांना आधी सांगून ठेवा. मिरी-वेलदोडे सिनेगॉगजवळच्या ज्यू टाउनमधल्या चकचकीत दुकानांऐवजी एर्नाकुलमच्या ब्रॉडवे बाजारात घ्या. वेलदोडा घेताना हिरवा रंग आणि आतले दाणे काळे, चिकट आहेत का हे फोडून बघा. रात्रीच्या विमानासाठी एर्नाकुलमहून तरी उड्डाणाच्या चार तास आधी निघा, संध्याकाळी एडप्पळ्ळीच्या चौकात गाड्या तुंबतात.