नववीतल्या मुलीला प्रदर्शनासाठी वनस्पती पेशी आणि प्राणी पेशीचं मॉडेल करायचंय. तयार विकत आणावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी बेळगावात मराठी माध्यमात शिकते, पंधरा दिवसांवर प्रदर्शन आलंय, बाजारात थर्माकोलचं रंगवलेलं मॉडेल तयार मिळतंय, आणि परीक्षकांनी कन्नडमधून विचारलं तर काय, याची तिला धास्ती आहे. मी खानापूर तालुक्यात मराठी हायस्कूलला बावीस वर्षं विज्ञान शिकवतोय. अशी मॉडेलं दरवर्षी डोळ्यांखालून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तयार मॉडेल आणू नका. पैसे वाया जातील हे एक, पण खरी अडचण वेगळी आहे. ती मॉडेलं बहुतेक चुकीची असतात, आणि ती चूक तुमच्या मुलीच्या गळ्यात पडते.

माझ्याच गळ्यात कशी पडली ते सांगतो. नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. तालुक्याच्या प्रदर्शनात आमच्या मुलांनी मोठ्ठी वनस्पती पेशी नेली होती. शेजारी सूक्ष्मदर्शक, त्याखाली कांद्याचा पापुद्रा, आणि मॉडेलवर पाटी 'कांद्याची पेशी'. मॉडेलमध्ये मी स्वतः हौसेने हिरवे मणी चिकटवले होते, हरितलवकं म्हणून, म्हणजे प्रकाशात अन्न तयार करणारे हिरवे कण. मफलर गुंडाळलेले एक म्हातारे परीक्षक आले, सूक्ष्मदर्शकात डोळा घातला, मग मॉडेलकडे बघितलं आणि आमच्या पोराला विचारलं, "बाळ, ह्यात हिरवं कुठं दिसालंय?" पोरगं माझ्याकडे बघायला लागलं. मी छताकडे.

कांद्याचा गड्डा जमिनीखाली वाढतो. त्याच्या पापुद्र्यात हरितलवकं नसतातच. पातीत असतात, गड्ड्यात नाहीत. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण 'वनस्पती पेशी म्हणजे हिरवी' हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की समोरच्या काचपट्टीवर काय आहे ते बघायचं राहूनच गेलं.

तेव्हापासून माझा एकच हट्ट असतो. आधी पेशी बघायची, मग मॉडेल करायचं. आणि मॉडेलवर दोन रंगांच्या चिठ्ठ्या लावायच्या. जे मुलीने स्वतः डोळ्यांनी बघितलं त्याला निळी चिठ्ठी, जे पुस्तकात वाचलं त्याला पांढरी. एवढ्याशा गोष्टीने परीक्षक थांबतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

बघायचं कसं? शाळेत सूक्ष्मदर्शक असतोच, बऱ्याचदा कपाटात कुलपात असतो, तेवढं सरांच्या मागे लागून काढून घ्या. नसेलच तर फोल्डस्कोप नावाचा कागदी सूक्ष्मदर्शक मिळतो, स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश यांच्या गटाने बनवलेला. तो साधारण 140 पट मोठं दाखवतो, कांद्याला पुरे.

कांदा उभा चिरा, आतली एक पाकळी घ्या. तिच्या खोलगट बाजूचा पापुद्रा नखाने अलगद सुटतो, अगदी पातळ, ओला बटर पेपर असावा तसा. नखाएवढा तुकडा पाण्याच्या थेंबात पसरा, वर आयोडीनच्या द्रावणाचा एक थेंब सोडा. झाकणकाच एका कडेने टेकवून हळूहळू खाली सोडायची. धपकन टाकली की हवेचे बुडबुडे अडकतात, आणि काळ्याभोर काठाची ती गोल वर्तुळं मुलं वहीत 'पेशी' म्हणून काढून आणतात. दरवर्षी किमान तिघं तरी.

नीट जमलं की काय दिसतं हे मी सांगण्यापेक्षा आमच्या एका मुलीचं वाक्य सांगतो. "काय दिसालंय गं?" विचारलं तर डोळा न काढता म्हणाली, "सर, विटांची भिंत रचल्यागत दिसालंय, आणि परत्येक विटंत एकेक पिवळा ठिपका हाय." तो पिवळसर ठिपका म्हणजे केंद्रक, पेशीचा कारभार चालवणारा भाग. विटांमधली रेघ म्हणजे पेशीभित्तिका. आता एक गोष्ट मुलीला मुद्दाम बघायला सांगा. ठिपका विटेच्या मधोमध आहे का? बहुतेक विटांत तो कडेला सरकलेला दिसेल. कारण मधली जवळजवळ सगळी जागा एकाच मोठ्या रिक्तिकेने, म्हणजे पाण्याने भरलेल्या पिशवीने अडवलेली असते. वाढ पूर्ण झालेल्या वनस्पती पेशीत ती 80 ते 90 टक्के जागा खाते. तयार मॉडेलमध्ये केंद्रक हमखास मधोमध बसवलेलं असतं आणि रिक्तिका कोपऱ्यात शेंगदाण्याएवढी.

प्राणी पेशीसाठी स्वतःच्याच गालाची आतली बाजू. आधी चूळ भरायची, मग टूथपिकच्या बोथट टोकाने हलकेच खरवडायचं आणि मिथिलीन ब्लूचा थेंब टाकायचा. ज्याची त्याची टूथपिक वेगळी, आणि काम झालं की फेकायची. इथे भिंत नाही. वेड्यावाकड्या कडांचे चपटे तुकडे, मध्ये निळा ठिपका. काही तुकडे तर दुमडलेले, घडी पडलेल्या पापडासारखे.

तिसरी गोष्ट वेळ असेल तरच, पण मला विचाराल तर सगळ्यात भारी हीच. लाल कांद्याच्या पाकळीची बाहेरची, रंगीत बाजू घ्या. तिचा पापुद्रा लवकर निघत नाही, चिकाटी लागते. त्या पेशींतला जांभळट रंग रिक्तिकेच्या पाण्यात असतो. पाव कप पाण्यात चमचाभर मीठ विरघळवून त्याचा थेंब काचेच्या कडेने आत जाऊ द्या. काही मिनिटांत जांभळा भाग आक्रसायला लागतो आणि भिंतीपासून सुटतो, भिंत मात्र जागेवर तशीच. मिठाच्या पाण्याने आतलं पाणी ओढून घेतलं, एवढंच. पण भित्तिका वेगळी आणि तिच्या आतलं पातळ पटल वेगळं, हे फळ्यावर मी कितीदाही काढलं तरी निम्म्या वर्गाला पटत नाही, इथे मात्र लगेच पटतं. मग साधं पाणी सोडा, पेशी पुन्हा फुगताना दिसतात. मोबाईलची लेन्स नेत्रभिंगाला टेकवून फोटो काढा, तेच फोटो प्रदर्शनात लावा.

आता मॉडेल. त्यात माप घाला, म्हणजे ते गर्दीत वेगळं दिसेल. कांद्याची पेशी साधारण 0.3 मिलिमीटर लांब धरली आणि सगळं 2000 पट मोठं करायचं ठरवलं, तर ती 60 सेंटिमीटरची होते. बुटांचे दोन खोके टोकाला टोक लावून जोडा, मधला पुठ्ठा कापा, झाली पेशीभित्तिका. आतून पातळ प्लॅस्टिक कागद लावा, ते प्रद्रव्यपटल. केंद्रक येतं 3 सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे छोटं लिंबू. तंतुकणिका, म्हणजे साखरेतून ऊर्जा काढणारा पेशीचा भाग, तांदळाच्या दाण्याएवढी. गालाची पेशी साधारण 0.06 मिलिमीटरची असते, तिची होते 12 सेंटिमीटरची पुरी, आणि तिचं केंद्रक चिंचोक्याएवढं. खोक्याशेजारी पुरी ठेवली की बघणारा विचारतोच, "एवढीशीच का?" मग मुलीला बोलायला आपोआप वाट मिळते. पुस्तकात दोन्ही आकृत्या एकाच मापाच्या काढलेल्या असतात, त्यामुळे हा फरक कुणाच्या ध्यानातच येत नाही.

रायबोझोम, म्हणजे प्रथिनं बनवणारे कण, या मापाने केसाच्या जाडीपेक्षाही बारीक येतात. ते करूच नका. रिकामी जागा सोडून पांढऱ्या चिठ्ठीवर लिहा, 'इथे रायबोझोम आहेत, या मापात दिसणार नाहीत.' तंतुकणिका, गॉल्गी संकुल (प्रथिनं बांधून पाठवणारा भाग), आंतर्द्रव्यजालिका (पेशीतलं घड्यांचं जाळं) यांनाही पांढरीच चिठ्ठी, शाळेच्या सूक्ष्मदर्शकात त्या दिसत नाहीत. आंतर्द्रव्यजालिकेला मात्र मापाचा हट्ट सोडा आणि मांडे आठवा. बेळगावच्या मुलीला मांड्याच्या घड्या समजावून सांगाव्या लागत नाहीत. पातळ कागदाच्या तशा घड्या घालून केंद्रकाला लगटून बसवायच्या.

पुरीसाठी शाडू वापरा. मूर्तिकारांकडे उरलेला असतो, मागितला तर देतात. नुसता शाडू वाळताना तडकतो, म्हणून भिजवून कुटलेला कागद त्यात मळायचा. कडा गोल गुळगुळीत करू नका, गालाची पेशी तशी नसते. तारककेंद्र, म्हणजे पेशी विभागताना लागणारा भाग, फक्त या पुरीत, खसखशीचे दोन दाणे. कांद्याच्या पेशीत ते नसतं.

तांदूळ मात्र दोन्हीकडे टाका. निम्मी मॉडेलं इथे चुकतात. वनस्पती प्रकाशात अन्न तयार करतात, मग त्यांना तंतुकणिका कशाला, असं मुलांना वाटतं. पण तयार झालेल्या साखरेतून ऊर्जा काढायला त्या लागतातच, आणि मुळांना तर उजेडही मिळत नाही.

हरितलवकं दाखवायचीच असतील तर कांद्याच्या खोक्यात नको. तळ्यातली किंवा मासे पाळणाऱ्यांकडची हायड्रिला आणा, तिचं पान इतकं पातळ असतं की तसंच्या तसं काचेवर ठेवता येतं. चांगला उजेड असेल तर हिरवे दाणे पेशीच्या कडेकडेने रांगेत फिरताना दिसतात.

इतिहास विचारतात, पण फार नाही. 1665 मध्ये रॉबर्ट हुकने बुचाच्या कापात खोल्या खोल्या पाहिल्या. बूच मेलेलं, म्हणजे त्याला दिसल्या त्या नुसत्या भिंती. केंद्रकाला नाव दिलं रॉबर्ट ब्राऊनने, 1831 मध्ये, आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या पेशी बघताना. आमच्या खानापूरच्या जंगलात पावसाच्या तोंडावर सीतेची वेणी फुलते ना, ती त्याच कुळातली. एवढं सांगितलं तरी पुष्कळ.

राहिलं कन्नडचं. घाबरू नका, इथल्या बऱ्याच परीक्षकांना दोन्ही भाषा कळतात. पण चार शब्द पाठ असू देत. कन्नडमध्ये पेशीला जीवकोश म्हणतात, केंद्रकाला कोशकेंद्र, पेशीभित्तिकेला कोशभित्ती. आमच्या एका मुलाला "जीवकोश म्हणजे काय?" विचारल्यावर त्याने बिचाऱ्याने शब्दकोशाचा एक प्रकार असेल असं ठोकून दिलं होतं. रिक्तिकेला ते रसदानी म्हणतात, आणि खरं सांगू का, मला तो शब्द आपल्यापेक्षा जास्त आवडतो. रिक्तिका म्हटलं की रिकामी वाटते, आणि ती तर काठोकाठ भरलेली असते. अत्तरदाणी, गुलाबदाणी, तशी रसदानी. वर्गात मीही तोच शब्द वापरतो हल्ली.

त्या रसदानीसाठी प्लॅस्टिकची लांबट पिशवी घ्या आणि कोकमाचं पाणी भरा, लाल कांद्याच्या रंगाला ते बरोबर जुळतं. पिशवी दुहेरी घ्या, गाठीवर रबर लावा, आणि प्रदर्शनाच्या हॉलमध्ये पोचल्यावरच भरा. आमची एकदा बसमध्ये फुटली होती, कंडक्टरच्या तिकिटांवर.