रिवाइंडचं हँडल तुटलं म्हणजे फिरवणाऱ्यानेच तोडलं, असं नसतं

तुम्ही विचारलंय की आजोबांच्या यशिका एफएक्स-३ कॅमेऱ्याचं रोल गुंडाळायचं हँडल तुटलंय, आत रोल तसाच आहे, घरी नीट होईल का आणि सुटा पार्ट कुठे मिळेल. या सगळ्यापेक्षा मला तुमचं शेवटचं वाक्य लागलं : ‘बाबा म्हणतात मी जोर लावला म्हणून तुटलं.’ हेच वाक्य मी १९९३ च्या फेब्रुवारीपासून ऐकतोय.

पहिले रोलचं बोलू. हँडल नसलं तरी रोल निघतो. कॅमेऱ्याच्या बुडाची बारीक कळ दाबा आणि हँडल ज्यावर बसतं ती वरची गोल घुंडी दोन बोटांनी बाणाच्या दिशेने फिरवा. छत्तीसच्या रोलची फिल्म दीडेक मीटर असते, बोटं दुखतील, पण येईल. शेवटी एकदम सैल लागलं की फिल्म डबीत गेली. मग मागचं झाकण उघडा. रोल रंगीत असेल तर कुरिअरने मोठ्या शहरातल्या लॅबला पाठवा, आता तालुक्याला कोणी धूत नाही.

आमची घुंडी मात्र अशी फिरत नव्हती, आणि तीच खरी गोष्ट आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याला मामाजींचा फोटो स्टुडिओ होता. आमची छोट्या रुळांवरची शकुंतला रेल्वे तेव्हा वाफेच्या इंजिनावर धावायची. धावायची म्हणजे काय, आम्ही सायकलवरून तिच्याशी शर्यत लावायचो आणि जिंकायचो. मी बारावी नापास होऊन त्यांच्या हाताखाली लागलो. कॅमेरा एकच, यशिका एफएक्स-३ सुपर २०००. तुमच्या कॅमेऱ्याचाच धाकटा भाऊ, दोन्ही कोसिना नावाच्या जपानी कंपनीने यशिकासाठी बनवलेले. कातडं सोलून निघतं म्हणून लोक त्याला नावं ठेवतात, पण सेल संपला तरी शटर चालतं. खेड्यात याहून जास्त काय पाहिजे?

त्या दिवशी एका गावी लग्न होतं. नवरदेव मारुतीच्या देवळातून निघाला आणि छत्तिसावा फोटो झाला. अंतरपाट धरायला दहा मिनिटं. मी खालची कळ दाबली, हँडल उघडलं, तीनचार वेढे फिरवले. घुंडी सकाळपासूनच कुरकुरत होती. पाचव्या वेढ्याला हँडल माझ्या बोटात राहिलं आणि घुंडी जागच्या जागी.

मामाजी मांडवातच ओरडले. “अबे, खालची कळ दाबली होती का नाई?”

“दाबली होती ना मामाजी.”

“मंग तुटलं कसं? उलटं फिरोलं असशीन. तुह्या हातात काय घन आहे? आता तुह्यासाठी भटजी थांबते का?”

वऱ्हाडी मंडळी फोटोग्राफरची फजिती पाहायला लागली. घुंडी बोटांनी फिरेना. रंगीत फिल्म, म्हणजे लाल दिवाही चालत नाही, पूर्ण काळोख पाहिजे. त्या घरात खिडकी नसलेली एकच खोली होती, कापसाची. भाव चढेल म्हणून ठेवलेला कापूस छताला टेकला होता. मी आत गेलो, दार लावून घेतलं, दाराच्या फटीला माझाच शर्ट कोंबला, वर वाकळ पांघरली. पक्कडीने घुंडी वर ओढून झाकण उघडलं, फिल्म हाताने सोडवली, डबी बाहेर काढली आणि तिच्या आतल्या रिळाचं बाहेर आलेलं टोक चिमटीत धरून वेढा वेढा करून फिल्म आत ओढली. घाम डोळ्यात, कापसाची खाज मानेवर, बाहेर बँड. नवा रोल भरून बाहेर आलो तेव्हा तिसरं मंगलाष्टक चालू होतं. पुढचे फोटो सगळे मिळाले.

पहिला रोल यवतमाळहून धुऊन आला तेव्हा सगळ्या फोटोंमधून एक आडवी रेघ. हळदीच्या फोटोत रेघ, देवळातल्या फोटोत तीच रेघ, नवरदेवाच्या बाशिंगातून आरपार. डबीच्या तोंडाशी मखमलीची पट्टी असते, तिच्यात कापसातला कचरा बसला आणि फिल्म त्यावरून घासत गेली. ही रेघ माझी, हे मी तेव्हाही कबूल केलं होतं. मुलीच्या बापाने तीनशे रुपये कापले, ते मामाजींनी माझ्यातून कापले. तेही ठीक.

पण हँडल मी तोडलं नाही.

आता तुमच्या बाबांना दाखवा, कारण हा हिशोब दोघांनाही लागू होतो. उलटं फिरवल्याने हँडल तुटत नाही. घुंडी दांड्यावर आट्यांनी बसवलेली असते. खालचा काटा, म्हणजे ज्यात रोलची डबी अडकते तो, अडलेला असताना बाणाच्या विरुद्ध फिरवलं, तर घुंडीच सुटून हातात येते. घुंडी खोलायची रीतही तीच आहे, पुढे सांगतो. आणि कळ न दाबता जोर लावला असता, तर आधी फिल्मच्या कडेच्या भोकांची चिंधी झाली असती. त्या रोलच्या निगेटिव्ह माझ्याकडे अजून आहेत. रेघ आहे, पण भोक एकही फाटलेलं नाही. याचा अर्थ कळ दाबलेली होती. तुमचाही रोल धुऊन आला की फोटोंआधी भोकं पाहा.

तुटतं कशाने ते सांगतो. या कॅमेऱ्यात मागचं झाकण उघडायला घुंडी वर ओढावी लागते. घुंडी कडेने धरून ओढायची असते. घाईतली माणसं हँडल उभं करतात आणि त्याला धरून ओढतात, विहिरीतून बादली काढल्यासारखी. हँडल एका बारीक पिनेवर अडकलेलं असतं, ती पिन गुंडाळायचा भार घ्यायला बनवलीय, ओढायचा नाही. प्रत्येक रोलला दोनदा असं ओढा, लग्नाच्या सीझनभर ओढा, की पिनेचं भोक लंबुळकं होतं आणि हँडल लडबडायला लागतं. आमचं लडबडत होतं. मामाजींनी त्यावर काय केलं, तर लग्नाच्या चार दिवस आधी बारक्या ट्यूबमधला झटपट चिकटणारा गोंद दोन थेंब सोडला. तो गोंद पाण्यासारखा पातळ असतो, जिथे लावला तिथे थांबत नाही. पिनेवरून दांड्यावर उतरला, चकतीखाली गेला आणि घुंडी कुरकुरायला लागली. सांगा आता, कोणाच्या हाताने तुटलं?

म्हणून तो गोंद लावू नका. फिरणाऱ्या भागात तर नाहीच, आणि त्याची वाफ काचेवर पांढुरकी झाक आणते, व्ह्यूफाइंडरची वाट लागते.

आमचं नीट केलं ते सोनाराने. मामाजी यवतमाळला मेकॅनिककडे पाठवणार होते, मी पेठेतल्या सोनाराकडे घेऊन गेलो. आधी मी घुंडी खोलली. झाकण उघडून आत ज्या काट्यात रोलची डबी अडकते त्यात बाभळीच्या काडीचा चपटा तुकडा घालून तो घट्ट धरला आणि वरून घुंडी डावीकडे फिरवली. लोखंडाचा पेचकस आत घालू नका, काटा वाकतो. सोनाराने घुंडी डोळ्याला भिंग लावून पाहिली आणि पितळी तार काढली. छिद्रांच्या लोखंडी पट्टीतून ती एकेका बारीक छिद्रातून ओढत गेला, मधेमधे भोकाला लावून बघायचा, जाड वाटली की पुन्हा ओढायचा. बसली तेव्हा तार कापून दोन्ही टोकं ऐरणीवर टुकटुक ठोकून चपटी केली, वरचं कानशीने सारखं केलं. पैसे विचारले तर म्हणाला, “एक फोटो काढून द्या ना बाप्पा, दुकानात लावाले.” तो फोटो मी फुकट काढून दिला. मामाजींनी त्या रोलचेही पैसे लावले, ते जाऊ द्या.

तुमचं हँडल नीट पाहा. नुसती पिन पडली असेल तर असा सोनार किंवा घड्याळवाला गाठा, अर्ध्या तासाचं काम आहे. पिन ज्यातून जाते तो कानच मोडला असेल तर पिनेने काही होत नाही. मग दोन ट्यूबा मिसळायचा गोंद घट्ट कालवून घुंडीवरच बोटभर पकड तयार करा, किंवा मेलेला एफएक्स-३ विकत घेऊन त्याची घुंडी काढा. नवा पार्ट कोणी बनवत नाही. ज्या क्योसेरा कंपनीकडे यशिका होती तिने २००५ मध्येच हा धंदा गुंडाळला. नागपूरला सीताबर्डीत जुन्या दुकानांत विचारा, मिळालं तर मिळालं.

दोन गोष्टी राहिल्या. घुंडीखाली चकत्या असतात, काढताना क्रमाने मोबाईलवर फोटो काढा. आणि हे सगळं यशिकाचं झालं. पेंटॅक्स एमई सुपरसारख्या कॅमेऱ्यात घुंडीभोवतीच फिल्म-स्पीडची तबकडी असते, तिथे या भरवशावर हात घालू नका.

मागच्या दिवाळीत तो कॅमेरा घेऊन मामाजींकडे गेलो होतो. पिन अजून सोनाराचीच आहे. ऐंशी पार केलेत, डोळे अधू, पण कॅमेरा हातात घेतल्यावर बोटं आपोआप चालली. अंगठ्याच्या नखाने हँडल उभं केलं, त्यालाच धरून वर ओढलं, कट्कन झाकण उघडलं. मामी चिवड्याची ताटली घेऊन दारात उभ्या होत्या, त्यांनीही पाहिलं.

मी म्हणालो, “मामाजी, घुंडीले धरा ना.”

“कायले? इतके वर्षं असंच उघडून राह्यलो, काय झालं त्याले?”