रोटरी क्लबच्या साप्ताहिक मीटिंगमध्ये नेमकं काय चालतं? सभासद व्हावं का?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसमधल्या मित्राने पुढच्या मंगळवारी रोटरीच्या (समाजसेवेसाठी एकत्र येणाऱ्या लोकांची जगभरची संघटना) मीटिंगला बोलावलंय आणि घरचे म्हणतायत, 'तिथे नुसतं खाणंपिणं चालतं.' मी अकरा वर्षं पुण्यातल्या एका क्लबचा सभासद आहे, त्यातलं एक वर्ष सेक्रेटरी होतो. पोटापाण्यासाठी नारायण पेठेत छापखाना. घरचे अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत. साबुदाणा वडा असला की हजेरी वाढते, हे मी हजेरीच्या वहीवरून सांगू शकतो.

मीटिंग तासाभराची. अध्यक्ष घंटा वाजवतात, राष्ट्रगीत होतं, त्या आठवड्यातल्या वाढदिवसांना टाळ्या, सेक्रेटरीच्या सूचना, मग पाहुण्यांचं अर्ध्या तासाचं भाषण. कधी पक्षीनिरीक्षक, कधी हृदयरोगतज्ज्ञ, कधी कुणाचे तरी व्याही. आभार, पुन्हा घंटा, चहा. शिकागोत १९०५ साली चौघांनी हे सुरू केलं तेव्हा ते आळीपाळीने एकमेकांच्या ऑफिसात जमायचे, 'रोटरी' नाव त्यावरून पडलं. दर आठवड्याला भेटण्याची सक्ती २०१६ साली सैल झाली, महिन्यातून दोनदा भेटलं तरी चालतं. आमच्याकडे अजून दर आठवड्याला भेटतो.

त्या तासातली बघण्यासारखी गोष्ट एकच. सूचना संपल्या की सेक्रेटरी एक कोरा कागद फिरवतात: रविवारी सकाळी सात वाजता रक्तदान शिबिराला कोण येणार? कागद तिसऱ्या रांगेत पोचेपर्यंत निम्म्या लोकांना फोन आलेला असतो. नावं लिहिणारे तेच सात-आठ जण. पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा वारकऱ्यांच्या तपासणीला हेच, विसर्जनाला घाटावर निर्माल्य गोळा करायलाही हेच. क्लब म्हणजे खरं तर ही माणसं. बाकीचे वर्गणी देतात, तेही लागतंच म्हणा.

आता जरा घरचं झाकलेलं सांगतो. वेल्ह्याकडच्या एका शाळेला आम्ही पाणी शुद्ध करायचं मशीन दिलं. फीत, बॅनर (मीच छापला होता), फोटो, सगळं झालं. पुढच्या पावसाळ्यात तोरण्याला जाताना शाळेत डोकावलो. मशीनच्या नळाला कुणाचं तरी ओलं दप्तर लटकत होतं आणि पोरं हापशावर ओंजळीने पाणी पीत होती. गुरुजी बिचारे संकोचून म्हणाले, "फिल्टर बदलायला झालाय. फोन केला होता, पण एवढ्या लांब यायला माणूस तयार नाही."

मंगळवारी मी हा विषय काढला. दोन मिनिटं चिडीचूप. मग एक जण म्हणाले, "ते मागच्या अध्यक्षांचं प्रोजेक्ट होतं."

गोम इथेच आहे. रोटरीचं वर्ष १ जुलैला बदलतं, आणि वर्षाबरोबर अध्यक्षही. प्रत्येकाला आपल्या कारकिर्दीत नवीन काहीतरी करून दाखवायचं असतं, त्यामुळे जुनं काम पोरकं होतं. आम्ही तीन मंगळवार भांडलो. एकदा तर पाहुण्यांचं भाषण पंधरा मिनिटांत उरकावं लागलं. शेवटी ठरलं की तीन वर्षांच्या देखभालीचे पैसे बाजूला काढल्याशिवाय कुठेही मशीन द्यायचं नाही. दोन मशीनऐवजी एकच देता येतं, फोटो कमी निघतात. काहींना ते अजून पटलेलं नाही. पण दर आठवड्याला समोरासमोर बसायचं असल्यामुळे तो विषय दाबता आला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर असता तर चार फुलं आणि दोन नमस्कारांखाली गेला असता.

नेटाने केलेलं काम काय करतं तेही रोटरीतच दिसतं. पोलिओ निर्मूलनात संघटना १९८५ पासून आहे. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा भारतातला शेवटचा रुग्ण सापडला २०११ साली, म्हणजे मध्ये सव्वीस अध्यक्ष बदलले, काम तेच राहिलं.

तेव्हा मंगळवारी जरूर जा. पाहुणे म्हणून गेलात तर कुणी लगेच फॉर्म पुढे करणार नाही, सभासद व्हायला आधी कुणीतरी तुमचं नाव सुचवावं लागतं. तीन-चार मीटिंगा बघा आणि एका रविवारी सकाळी कामालाही जा. वर्गणी किती आणि त्यात जेवण धरलंय का, हे आधीच स्पष्ट विचारा. प्रत्येक क्लबचा आकडा वेगळा असतो आणि नंतर विचारायला अवघड वाटतं. चहाच्या वेळी सहज विचारा, "दोन वर्षांपूर्वी दिलेलं काही बघायला मिळेल का?" कुणी गाडीची किल्ली काढून "चला, रविवारी जाऊ" म्हणालं, तर फॉर्म भरून टाका.