टाकी आणि काटा : जुन्या गाड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांनी १९७६ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी माझ्याकडे आहे. २०१९ च्या महापुरात ती आमच्या छपरीत उभी होती आणि डिकीपर्यंत पाण्यात गेली. गेली दोन वर्षे तिचे काम चालू आहे. टाकी बाहेरून घासून पावडर कोटिंग करून घेतली आणि वायरिंग नवे ओढले. आता पंधरा लिटर पेट्रोल घातले तरी काटा शून्यावरून हलत नाही, आणि दर दीडदोनशे किलोमीटरला फिल्टरमध्ये विटकरी गाळ साठतो. मेकॅनिक म्हणतात की मीटर आणि टँक युनिट दोन्ही बदला आणि टाकीला आतून रसायनाचा लेप द्या. त्यांचे ऐकावे का? — एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : इतक्यात ऐकू नका. तुमच्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांचा एकमेकींशी फारसा संबंध नाही, म्हणून आधी काट्याचे पाहू.

पेट्रोलच्या मीटरची मांडणी अगदी साधी असते. किल्ली फिरवली की बॅटरीचा प्रवाह मीटरमध्ये येतो, तेथून एका तारेने टाकीवरच्या टँक युनिटपर्यंत जातो, युनिटमधील फ्लोटच्या, म्हणजे पेट्रोलवर तरंगणाऱ्या गोळ्याच्या, दांडीबरोबर कमीजास्त होणाऱ्या प्रतिरोधातून पार होतो आणि टाकीच्या पत्र्यातून गाडीच्या बॉडीला मिळतो. या शेवटच्या टप्प्याला, म्हणजे अर्थिंगला, बहुतेक गाड्यांत वेगळी तार नसते. तेथे टाकी, तिचे बोल्ट आणि बॉडी हीच तार. आता तुम्ही काय केले आहे ते पाहा. टाकीवर पावडर कोटिंगचा जाड थर चढला, ज्या जागी ती बसते तेथे नवा रंग आला आणि मध्ये बहुधा रबराची नवी पट्टीही आली. हे तिन्ही वीज अडवणारे आहेत. जी टाकी चाळीस वर्षे गंजक्या बोल्टांतून का होईना अर्थ घेत होती, ती आता देखण्या रंगात गुंडाळून बॉडीपासून तोडली गेली आहे. नव्याने बांधलेल्या गाडीत काटा मेलेला दिसला की माझा पहिला संशय याच जागेवर असतो.

संशय खरा की खोटा हे तपासायला दहा मिनिटे पुरतात. किल्ली बंद ठेवून टँक युनिटवरची तार काढा. तिला दुसरी तार जोडून टाकीपासून दूर न्या आणि बॉडीच्या रंग खरवडलेल्या पत्र्याला घट्ट लावा. सगळी जोडणी झाल्यावरच किल्ली फिरवा, कारण टाकीच्या तोंडाशी तार टेकवून उडवलेली एक ठिणगीही महागात पडू शकते. काटा एका टोकाला असेल तर आता तो दुसऱ्या टोकाकडे गेला पाहिजे. कोणते टोक भरलेले दाखवणार हे मीटरच्या जातीवर ठरते, पण तार सुटी असताना एकीकडे आणि अर्थ दिल्यावर दुसरीकडे, हा नियम कायम. काटा सरकला की लगेच किल्ली बंद करा. एवढ्यावरून मीटर आणि डॅशबोर्डपासून टाकीपर्यंतची तार दोन्ही ठीक आहेत हे कळते, आणि नव्या मीटरचा खर्च तेथेच वाचतो.

त्यानंतर मूळ तार युनिटला परत जोडा आणि जादा तारेने युनिटच्या बैठकीचा एखादा स्क्रू थेट बॉडीला जोडा. पंधरा लिटरांना शोभेल इतका काटा वर आला तर रोग सापडला. मग तीच जोडणी पक्की करायची : एका स्क्रूखालचा रंग नाण्याएवढा खरवडून तेथे डोळ्याची कॅप लावलेली तार दातेरी वायसरखाली दाबा, तिचे दुसरे टोक बॉडीला आणा आणि उघड्या पत्र्यावर ग्रीस लावा.

काटा तरीही हलला नाही तरच युनिट बाहेर काढा. मल्टिमीटर ओहमवर, म्हणजे प्रतिरोध मोजण्यावर, ठेवून एक पिन बैठकीला आणि दुसरी तार जोडायच्या खिळीला लावा आणि दांडी खालून वर सावकाश फिरवा. आकडा सलग चढला किंवा उतरला पाहिजे. मध्येच आकडा गायब होत असेल तर आतली बारीक तार त्या जागी घासली गेली आहे किंवा पुराच्या पाण्याने तिच्यावर हिरवट पूड धरली आहे. पूड असेल तर ती स्वच्छ होते, घासलेली तार मात्र परत येत नाही. युनिटला बॅटरीचे १२ व्होल्ट थेट लावून पाहण्याचा मोह काहींना होतो. त्याने चांगले युनिटही जळते.

बदलण्याची वेळ आलीच तर मीटर आणि युनिट यांची जोडी जुळते का ते पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. बाजारात ‘सगळ्या गाड्यांना चालते’ म्हणून विकली जाणारी अनेक युनिटे रिकाम्या टाकीला २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला ३३ ओहम दाखवतात. युरोपीय पद्धतीची कित्येक युनिटे याच्या उलट, म्हणजे रिकाम्याला १० आणि भरलेल्याला १८० असतात. जुन्या अमेरिकन फोर्डमध्ये ७३ ते १० आणि जनरल मोटर्सच्या गाड्यांत ० ते ९० असा हिशेब असतो. जोडी चुकली की पेट्रोल संपताना काटा टाकी भरल्याची ग्वाही देतो. तुमच्या मूळ युनिटचे दोन टोकांचे आकडे कागदावर लिहून घ्या आणि तो कागद खिशात ठेवूनच दुकानात जा.

आता गाळ. पंचगंगेचे पाणी ओसरल्यावर घरात केवढी चिखलमाती राहते हे शाहूपुरीच्या माणसाला मी काय सांगावे. तीच बारीक माती टाकीत शिरली आणि आतल्या आडव्या पत्र्यांमागे बसली. वरून पत्र्याने गंज धरला. बाहेरून पावडर कोटिंग करण्याआधी आतून सफाई झाली असती तर बरे झाले असते, पण अजूनही उशीर झालेला नाही. टाकी उतरवून पूर्ण रिकामी करा, गरम पाणी आणि साबणाच्या पुडीने अनेकदा विसळा, मग हातभर बारीक साखळी आत सोडून टाकी सर्व बाजूंनी हलवा. नट किंवा खडी टाकू नका. त्यांतला एखादा आडव्या पत्र्यामागे कायमचा मुक्काम करतो, साखळी मात्र ओढून बाहेर येते.

उरलेल्या गंजासाठी धुण्याच्या सोड्याचे पाणी आणि बॅटरी चार्जर ही पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते. दर चारपाच लिटर पाण्याला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा घालून टाकी काठोकाठ भरा. तोंडातून साध्या लोखंडी सळईचा तुकडा असा लोंबकळत सोडा की तो टाकीच्या पत्र्याला कोठेही टेकणार नाही. भोके पाडलेल्या प्लॅस्टिक नळीत घातला तर उत्तम. चार्जरची धन बाजू सळईला, ऋण बाजू टाकीला. उलट जोडलीत तर गंजाऐवजी टाकीच खाल्ली जाईल. सळई स्टेनलेस स्टीलची नको, कारण तिच्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. या क्रियेत हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे काम उघड्यावर करा आणि चिमटे काढण्याआधी चार्जर भिंतीवरच्या बटनाने बंद करा. एकदोन दिवसांत सळईवर काळपट तांबडा लगदा चढलेला दिसेल. ती खरवडून पुन्हा लावायची. शेवटी टाकी विसळून गरम हवेने ताबडतोब सुकवा आणि आतून थोडे इंजिन ऑइल फिरवा, नाहीतर ओल्या पत्र्यावर तासाभरात नवा गंज दिसू लागतो.

गंज निघाल्यावर बारीक छिद्रे उघडी पडतील. सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा भरून साबणाचे पाणी लावले की ती दिसतात. कॉम्प्रेसरची नळी लावू नका, टाकीचे सपाट पत्रे फुगतात. छिद्रांना रेडिएटर दुरुस्त करणाऱ्याकडून सोल्डरचा डाग मारून घ्या. वेल्डिंग नको. पेट्रोलची वाफ हवेत जेमतेम दीड टक्का झाली तरी पेटते आणि ती हवेपेक्षा जड असल्याने रिकाम्या टाकीच्या तळाशी दबून राहते. माझ्या उमेदवारीच्या काळात उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये तीनदा धुतलेली टाकी गॅसच्या ज्योतीखाली जोडावरून उसवलेली मी पाहिली आहे. कारागीर बाजूला उभा होता म्हणून भुवया जळण्यावर निभावले.

रसायनाच्या लेपाबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. पत्रा हाडासारखा स्वच्छ आणि कोरडा नसेल तर तो लेप वर्षा-दोन वर्षांत पापुद्रे धरतो आणि ते पापुद्रे पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या जाळीवर जाऊन बसतात. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि जुन्या जातीचे काही लेप त्यात टिकत नाहीत. आपल्या जिल्ह्यातल्या उसाचे काही थेंब आपल्याच टाकीचा लेप सोडवत असतील, हा योगायोग मजेशीर असला तरी परवडणारा नाही. टाकी चाळण झाली असेल तर लेप देण्यापेक्षा नवी बनवून घेणे चांगले.

टाकी परत बसवल्यावर पेट्रोल कॅनने पाच-पाच लिटर ओता आणि दर वेळी काटा कोठे थांबतो ते लिहून ठेवा. काटा सतत कमी किंवा सतत जास्त दाखवत असेल तर फ्लोटची दांडी किंचित वाकवून हिशेब जुळतो.

प्रश्न : माझ्या पेट्रोल जीपची टाकी, पंप आणि कार्बोरेटर नवे आहेत. तरीही कोल्हापूरहून गगनबावड्याला निघालो की साळवणच्या आसपास ती गचके खात बंद पडते. पंधरावीस मिनिटे थांबलो की काही झालेच नाही अशी चालू होते. इग्निशन कॉइल दोनदा बदलली. — एक वाचक, गारगोटी

उत्तर : कॉइल तापूनही असेच होते, म्हणून तुमच्या मेकॅनिकला दोष देत नाही, पण दोनदा बदलूनही फरक पडला नाही तेव्हा टाकीच्या झाकणाकडे वळायला हवे होते. टाकीतून जितके पेट्रोल जाते तितकी हवा आत यावी लागते. जुन्या गाड्यांत ती बहुधा झाकणातल्या बारीक छिद्रातून येते. नव्या टाकीबरोबर तुम्ही नवे झाकणही घेतले असेल आणि ते बंद जातीचे असेल, तर आत हवेचा दाब उतरत जातो आणि शेवटी पंपाला पेट्रोल ओढवत नाही. गाडी थांबली की फटीफटींतून हवा शिरते आणि ती पुन्हा चालू होते.

पुढच्या वेळी जीप बंद पडली की काहीही करण्याआधी झाकण सैल करा आणि कान द्या. सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला आणि जीप लगेच सुरू झाली तर दुसरे कारण शोधायची गरज नाही. हवा घेणारे झाकण बसवा. बाजारात मिळालेच नाही तर आहे त्या झाकणाला भोक पाडू नका, घाटाच्या चढावर पेट्रोल बाहेर हिंदकळेल. त्याऐवजी टाकीच्या वरच्या भागातून बारीक नळी काढून ती टाकीच्या पातळीपेक्षा उंच नेऊन सोडा. आवाज आला नाही तर पेट्रोल ओढणाऱ्या नळीची टाकीतली जाळी तपासा. नव्या टाकीतही तोडकामाचा कीस राहिलेला असतो.

प्रश्न : माझ्या १९६० च्या दशकातील इंग्लिश सलून गाडीचे पेट्रोल आणि तापमान असे दोन्ही काटे अलीकडे एकदमच जास्त दाखवू लागले आहेत. इंजिन हाताला तितके तापलेले लागत नाही. — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : दोन मीटर एकाच दिवशी बिघडणे दुर्मीळ, त्या दोघांना मिळणारा प्रवाह बिघडणे नेहमीचे. त्या काळातील अनेक इंग्लिश गाड्यांत डॅशबोर्डमागे काडेपेटीएवढा व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो आणि तो दोन्ही मीटरना सरासरी १० व्होल्ट पुरवतो. त्याचे स्वतःचे अर्थिंग सुटले की पूर्ण १२ व्होल्ट पुढे जातात आणि दोन्ही काटे चढतात. त्याचा स्क्रू काढून खालचा पत्रा घासा आणि पुन्हा घट्ट बसवा. तेवढ्याने भागले नाही तर त्या जागी १० व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवता येतो. तुमचे काटे किल्ली फिरवल्यावर सावकाश चढतात ना, हे मात्र आधी पाहा. झटकन उसळी मारणारे काटे असतील तर ते मीटर जुन्या जातीचे आहेत आणि त्यांना स्टॅबिलायझर नसतोच.